काट्यावर चौतीस वर्षं

रेजिना विचारते, पप्पा, कुणाला देऊ?
तिकडे सकाळचे सात. रात्रपाळी उरकून
गाडीतच बसलेली, अंगात हॉस्पिटलचे निळे कपडे.
इकडे साडेचार. मागच्या गल्लीत माग खडखडतायत,
आणि पाचव्या दिवसाचं पाणी येणार
म्हणून मी नळाशी हंडे मांडून बसलोय.

तिचं पहिलंच मत. मतपत्रिका टपालानं घरी आली म्हणते,
दोन्ही बाजूंनी छापलेली, लांबलचक.
अध्यक्ष, न्यायाधीश, शाळेचा कर,
मुडदे तपासणारा अधिकारीसुद्धा निवडायचा.
मी विचारलं, नोटा आहे का गं?
नाही म्हणाली.
एवढा मोठा देश, आणि कुणीच नको म्हणायची सोय नाही.

एक म्हणतो, पोटातलं लेकरू देवाचं.
त्याच तोंडानं म्हणतो, कागद नसलेल्यांना
रातोरात गाड्यांत भरून परत धाडीन.
तिच्या वॉर्डात फरशी पुसते ती लुपे,
शुक्रवारी दोघी जिन्याखाली रोझरी म्हणतात.
लुपेच्या नवऱ्याकडे कागद नाहीत.

दुसरा म्हणतो, आजाऱ्याचं बिल सरकार भरेल,
फाशी बंद करीन.
पोटातल्याचं विचारलं की घड्याळ बघतो.

बिशपांचं पत्र आलंय चार पानी, जीव सगळ्यांच्या आधी.
चौथ्या पानावर, पण तेवढंच बघू नका.
फादर म्हणाले, विवेकाला विचार.
विवेक पण रात्रपाळीलाच आहे, पप्पा.

मी सूतगिरणीत काट्यावर होतो.
मालक बदलले, युनियन बदलली, शेवटी भोंगाही मिटला.
मला काटा शिकवला मल्लेशम कुडक्यालनं,
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, तोंडात तंबाखू.
म्हणाला, आधी धडा कर.
रिकामी पारडी सारखी नसतात कधीच.
कुठे गंज, कुठे तेलाचा थर, कुठे मालकाचा अंगठा.
पासंग लाव, मग माल ठेव.

हे मी रेजिनाला सांगितलं.
ती म्हणाली, माझा पासंग काय असेल?
मी म्हटलं, बघ तूच.

तिला सांगितलं नाही ते हे, की
ब्याण्णव साली आमच्या वॉर्डात उभा होता एक पैलवान.
दफनभूमीला भिंत घालतो म्हणाला.
कोपऱ्यात, जिथं बाप्तिस्म्याआधीच गेलेली पुरायचे,
तिथं कुत्री उकरायची.
तिथं आमचा एक होता. सातव्या महिन्यातला.
नाव ठरलं होतं, कुठल्या वहीत चढलं नाही.
फिलोमिना रात्री उठून बसायची,
कुत्री भुंकली की.
मी शिक्का मारला, हात जरासुद्धा हलला नाही.
भिंत झाली. चांगली झाली, अजून उभी आहे.
भिंतीच्या आखणीत नऊ झोपड्या येत होत्या.
त्या मी मोजल्या नंतर,
नुसते चुलीचे दगड उरले होते तेव्हा.

पप्पा, पाणी आलं वाटतं, आवाज येतोय.
हो.
मग भरा तुम्ही. मी बघते.

दोन नोव्हेंबरला मी कबरींवर गेलो.
फिलोमिनाला एक मेणबत्ती, कोपऱ्यात एक.
फाटकाशी येल्लव्वा बसते झेंडूची टोपली घेऊन,
त्या नऊतली.
वीसचे हार घेतो, पन्नासची नोट देतो,
सुटे मागत नाही.
तीही काढत नाही. तीस वर्षं
आमचा दोघांचा हा हिशेब असा उघडा पडलाय.

संध्याकाळी फोन.
टाकलं, पप्पा. चौकोन काळे करायला तास गेला.
मुडदेवाल्याला पण दिलं.
मी विचारलं नाही कुणाला.
ती म्हणाली, लुपेनंही विचारलं नाही.
मग बराच वेळ नुसता
तिच्याकडचा गाडीचा वायपर ऐकू येत होता,
आणि माझ्याकडचा माग.